पहिल्यांदा ऐकणाऱ्याची खुर्ची

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर चार माणसांत सिम्फनीचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्यातलं आपल्याला काय कळणार? विचारणारा अडाणी नसतो. त्याने नाथराव नेरळकरांचं गाणं समोर बसून ऐकलेलं असतं, कव्वालीला रात्री जागवलेल्या असतात. राग ओळखायच्या भानगडीत तो पडत नाही, पण समेवर त्याची मान बरोबर हलते. आणि तरी ऐंशी-नव्वद वादक, त्यांच्यापुढे छडी हलवणारा एक माणूस आणि शब्द एकही नाही, असं काही समोर आलं की त्याला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं. ही प्रस्तावना त्याच्यासाठी आहे.

ज्या विषयाच्या उंबऱ्यावर ती लिहिली आहे त्याला ढोबळमानाने श्रवणाचा अभ्यास म्हणू. संगीत कसं रचलं गेलं हे सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. ते कोणी ऐकलं, कुठे बसून ऐकलं, पदरचे पैसे मोजून की आमंत्रणावरून, गप्पा मारत की श्वास रोखून, याचा शोध त्यामानाने नवा आहे. या शोधातून निघालेली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सिम्फनी हा प्रकार ज्या काळात आकाराला आला, त्या काळात ती पहिल्यांदाच आणि बहुधा एकदाच ऐकणारा माणूस हाच तिचा मुख्य श्रोता होता. पाठ असलेली रचना पुन्हा पुन्हा ऐकणारा जाणकार पुढे आला.

अठराव्या शतकात युरोपातलं वाद्यसंगीत राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतून हळूहळू तिकिटाच्या सभागृहात आलं. पॅरिसमध्ये ‘कॉन्सेर स्पिरित्युएल’ ही जाहीर मैफलींची मालिका १७२५ मध्ये सुरू झाली. लाइपझिगमध्ये १७८१ पासून गेवांडहाउसच्या दालनात वादन होऊ लागलं. ही गेवांडहाउस म्हणजे कापडाच्या व्यापाऱ्यांची इमारत. कपड्यालत्त्याच्या बाजारात वाढलेल्या गुलमंडीकराला हा तपशील आवडायला हरकत नाही. संगीतकार हायडन १७९१ च्या आरंभी लंडनला पोचला तो सालोमन नावाच्या व्हायोलिनवादकाच्या बोलावण्यावरून. सालोमन मैफली भरवायचा आणि त्यांची वर्गणी गोळा करायचा. २३ मार्च १७९२ रोजी हायडनची चौऱ्याण्णवावी सिम्फनी तिथे पहिल्यांदा वाजली. तिच्या संथ भागात अगदी साधी चाल हळू आवाजात चालू असते आणि मध्येच सगळा ताफा एकदम दणका देतो. हा विनोद कळायला संगीताचं शिक्षण लागत नाही. उलट रचना आधी माहीत नसेल तरच तो पुरता लागू पडतो.

याहून मोठा पुरावा रचनेच्या बांधणीतच आहे. त्या काळच्या बहुतेक सिम्फन्यांच्या पहिल्या भागात सुरुवातीचा सगळा मजकूर जसाच्या तसा दोनदा वाजवण्याची खूण असते. ध्वनिमुद्रण नव्हतं, रेडिओ नव्हता. आज ऐकलेली रचना पुन्हा कधी कानावर पडेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा चाली कानात बसाव्यात म्हणून त्या दोनदा मांडायच्या, मग त्यांची मोडतोड करायची आणि शेवटी त्या ओळखीच्या रूपात परत आणायच्या. तबकड्या ऐकून ज्यांना सगळं पाठ आहे त्यांना ही पुनरावृत्ती लांबण वाटते, आणि काही कंडक्टर ती सरळ गाळतात. माझ्या मते पहिल्यांदा आलेल्या श्रोत्याच्या वाटणीचं ताट त्यामुळे कमी होतं.

मग सभागृहातल्या त्या दडपण आणणाऱ्या शांततेचं काय? तीही नंतरचीच. जून १७७८ मध्ये पॅरिसला मोझार्टची नवी सिम्फनी वाजली. त्याबद्दल त्याने ३ जुलैला वडिलांना पत्र लिहिलं. पहिल्या भागातली एक जागा लोकांना आवडणार हे त्याला रचतानाच ठाऊक होतं. तिथे वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या, याचा आनंद त्याने पत्रात लपवलेला नाही. शेवटचा भाग त्याने मुद्दाम दोनच व्हायोलिनगटांवर हलक्या आवाजात सुरू केला होता. लोकांनी एकमेकांना गप्प केलं, सगळी वाद्यं कडाडली तशा पुन्हा टाळ्या आल्या. मैफलीनंतर स्वारी खुशीत आइस्क्रीम खायला गेली. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात बेथोव्हनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. आपल्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकाला हा ‘वन्स मोअर’ समजावून सांगायची गरज नाही.

पॅरिसचा प्रेक्षक बोलका होता तो गप्प कसा झाला, यावर जेम्स जॉन्सन या इतिहासकाराचा ‘लिसनिंग इन पॅरिस’ हा ग्रंथ १९९५ मध्ये आला. या विषयात शिरायला त्याच्यासारखं दुसरं दार नाही. १८७६ मध्ये संगीतकार वाग्नरने बायरॉइटच्या नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारं केलं. अशा कितीतरी पायऱ्यांनी आजची शिस्त घडत आली. दोन भागांच्या मधे टाळी वाजवू नये हा संकेत तर विसाव्या शतकात पक्का झाला. तेव्हा चुकून टाळी पडली आणि शेजारच्याने डोळे वटारले, तर मोझार्टचं पत्र आठवावं. संकेत पाळायचाच असेल तर कंडक्टर हात खाली सोडून आपल्याकडे वळेपर्यंत थांबावं, म्हणजे झालं.

श्रोत्यांची प्रतवारी करण्याचा मोह मात्र पंडितांना आवरलेला नाही. जर्मन तत्त्वज्ञ आडोर्नो याने १९६२ च्या आपल्या संगीत-समाजशास्त्रावरच्या ग्रंथात श्रोत्यांची एक उतरंडच लावली आहे. सगळ्यात वर रचनेचा प्रत्येक सांधा ऐकता ऐकता उलगडणारा तज्ज्ञ, आणि खाली करमणुकीसाठी ऐकणारा. आडोर्नोची बुद्धी धारदार आहे, पण त्याच्या हिशेबाने हायडनचं निम्मं लंडन खालच्याच पायरीवर बसलं असतं. दुसऱ्या टोकाला ख्रिस्तोफर स्मॉल. ‘म्युझिकिंग’ (१९९८) या पुस्तकात तो म्हणतो की संगीत ही वस्तू नव्हे, कृती आहे, आणि त्या कृतीत तिकीट फाडणाराही आला. सिम्फनीची मैफल तो एखाद्या समाजाच्या विधीसारखी उलगडून दाखवतो आणि तिथल्या शांततेत त्याला माणसांचं एकमेकांपासून तुटणं दिसतं. मला इथे स्मॉल थोडा अन्याय करतो असं वाटतं. त्या शांततेला एक साधं, भौतिक कारणही आहे: तिथे माइक नसतो.

ही गोष्ट आपल्याकडच्या श्रोत्याने नीट मनावर घ्यावी. आपल्या शहरात शंभर माणसांच्या बैठकीलाही साउंड लागतो आणि कलाकार दहा मिनिटं मॉनिटर वाढवा म्हणून सांगत असतो. सिम्फनीत जे कानावर येतं ते लाकूड, तार, पितळ, कातडं आणि माणसाचा श्वास यांचंच. ज्या खुर्चीवरून जो स्वर निघाला तो त्याच दिशेने येतो. सोळा व्हायोलिनं अगदी हलक्या आवाजात वाजतात तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज स्पीकरमधून आजवर कोणाला मिळालेला नाही. घरी मोबाइलवर हीच रचना ऐकून ‘बरी आहे’ म्हणणारा आणि सभागृहात ऐकणारा, हे दोघे एकच गोष्ट ऐकत नसतात.

आपला या संगीताशी संबंध काल-परवाचा नाही. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे बेथोव्हनचे समकालीन. त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि युरोपीय संगीताच्या लिखित प्रती त्यांच्या संग्रहात होत्या. व्हिएन्नात पाचवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली ते १८०८ साल, म्हणजे तेव्हा एक मराठी राजा कावेरीकाठी क्लॅरिनेट ऐकत बसलेला असू शकतो. या एका वाक्यावर कोणीतरी मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहायला हवं.

मुंबईत १९३४ साली वॉल्टर काउफमान हा मध्य युरोपातला ज्यू संगीतकार येऊन पोचला. त्याने तिथे चेंबर म्युझिक सोसायटी चालवली, आकाशवाणीत नोकरी केली. पहाटे रेडिओ सुरू होताना जी ओळखधून घराघरांत वाजायची ती त्याच्याच नावावर सांगितली जाते. १९३५ मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा, कंडक्टर झुबिन, याचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. या वाद्यवृंदांच्या खुर्च्यांवर गोव्याचे वादक मोठ्या संख्येने असत. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली ही माणसं पोट भरायला सिनेमाच्या स्टुडिओत जात. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्याने ज्याचं नाव देशभर केलं तो अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलाच, प्यारेलालचा गुरू. १९५८ मध्ये त्याने रागांवर बेतलेल्या रचनांसाठी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायला लावलं. प्रयोग टिकला नाही. पण शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे व्हायोलिनांची जी लाट उठते, तिची मांडणी करणारा सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचाच होता. त्या लाटेवर आपले कान वाढले आहेत.

स्टुडिओतल्या या वादकांवर ग्रेगरी बूथ या संशोधकाने ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) लिहिलं, आणि त्याआधी २००५ मध्ये ‘ब्रास बाजा’ हे लग्नातल्या बँडवाल्यांवरचं पुस्तक. गुलमंडीला या दुसऱ्या पुस्तकाचं अगत्य अधिक असावं. लग्नसराईत वरातीपुढे जो क्लॅरिनेटवाला गाण्याची ओळ उचलतो, त्याच्यामागे ट्रम्पेट आणि पोटाशी धरलेलं युफोनियम असतं, बाजूला साइड ड्रम. ही सगळी सिम्फनीच्या मागच्या रांगांची भावकी आहे. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघालेली विसर्जन मिरवणूक गुलमंडीवरून पुढे सरकते तेव्हा वीस-पंचवीस वाद्यं एकत्र वाजली की आवाजाचं काय होतं, हे इथल्या पोरासोरांना अंगाने ठाऊक असतं. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी पाडताना लोकसंगीत, कलासंगीत यांच्या जोडीने ‘संगम संगीत’ असा एक कप्पा केला होता. वरातीचा बँड कुठल्या कप्प्यात टाकायचा यावर भांडता येईल; पण तो कप्प्याबाहेर ठेवता येणार नाही.

तर कान अगदी कोरा नाही. तो अडखळतो ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ही जागा जरा सावकाश पाहू.

आपला षड्ज एकदा तानपुऱ्यावर बसला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. सगळी गंमत त्या अचल षड्जाच्या अवतीभोवती. सिम्फनीत षड्जच जागा सोडतो. मोझार्टची चाळिसावी सिम्फनी घ्या, १७८८ ची. आपल्या पट्टीच्या भाषेत तिचा षड्ज पांढरी पाच. व्हायोला क्षणभर नुसती गुणगुण करतात आणि तिच्यावर व्हायोलिनांची चाल येते: कोमल धैवत, पंचम, पंचम, असं तीनदा, आणि मग तार सप्तकातल्या कोमल गंधारावर उडी. ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातल्या तलत-लताच्या युगुलगीताला सलील चौधरींनी हीच सुरुवात घेतली, त्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही घरचेच आहात. थोड्या वेळाने दुसरी चाल येते ती काळी पाचच्या षड्जावर, शुद्ध स्वरांच्या वळणाची, जरा निवलेली. हे सगळं, वर सांगितलं तसं, दोनदा. मग पहिली चाल एकदम काळी तीनवर घसरते, म्हणजे मूळ षड्जाच्या जेमतेम अर्धा स्वर खाली. हार्मोनियमवाल्याने गायकाला न विचारता पट्टी बदलावी तशी. तिथून ती बरीच भटकते. शेवटी पांढरी पाच परत मिळते आणि दुसरी, ती निवलेली चालही परत येते. पण आता पांढरी पाचवर आणि कोमल स्वरांत. चाल तीच, चेहरा उतरलेला. ही एक जागा ज्याला ऐकू आली त्याला सिम्फनी कळत नाही असं कोणी म्हणू नये. त्यासाठी पट्ट्यांची नावंही लागत नाहीत. आपण कुठेतरी लांब आलो आणि परत आलो, एवढं जाणवलं तरी पुरे.

जाता जाता: टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून मोझार्टच्याच पंचविसाव्या सिम्फनीतली, त्याने सतराव्या वर्षी लिहिलेली. तिचाही षड्ज पांढरी पाच आणि तीही कोमल स्वरांची. मोझार्टने कोमल वळणाच्या सिम्फन्या लिहिल्या त्या जवळजवळ एवढ्याच, आणि नेमक्या त्याच दोन आपल्या बाजारात आल्या. याचा अर्थ लावायला मी धजत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने लावावा.

मैफल प्रत्यक्ष पाहायची तर महाराष्ट्रात मुख्य पत्ता: मुंबईत नरिमन पॉइंटचं एनसीपीए. तिथल्या जमशेद भाभा नाट्यगृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजवतो. खुशरू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ मध्ये तो उभा केला. त्यांचा हंगाम साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरच्या आसपास असतो. झाकीर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंदासाठीची ‘पेशकार’ ही रचना याच वाद्यवृंदाने २०१५ मध्ये पहिल्यांदा सादर केली. तबल्याच्या ओढीने आलेले किती जण त्या रात्री सिम्फनीचे झाले, हा माझ्या लेखी संशोधनाचा उत्तम विषय आहे.

तिथे गेल्यावर डोळे मिटून बसू नका. ही मैफल निम्मी पाहण्याची असते. आधी ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एक स्वर धरतं आणि सगळे त्याला मिळवून घेतात. १ ऑगस्ट १९७१ ला न्यू यॉर्कच्या बांगलादेश मदत मैफलीत रविशंकरांच्या सतार जुळवण्यालाच लोकांनी टाळ्या दिल्या होत्या. आपला माणूस इथे निदान तेवढं तरी फसणार नाही. तंतुवाद्यवाले दोघांत एक स्टँड घेऊन बसतात. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा थांबून पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. एका गटातल्या सगळ्या कमानी एकाच दिशेने जातात, कारण वर-खाली कधी जायचं हे पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलेलं असतं. हॉर्नवाला अधूनमधून नळीतलं पाणी झटकतो. टिंपनीवाल्यावर, म्हणजे मोठे नगारे वाजवणाऱ्यावर, नजर ठेवा: बाकीचे पूर्ण जोरात वाजवत असताना तो कातड्यावर कान टेकवून पुढच्या जागेसाठी स्वर जुळवत असतो.

बेथोव्हनची पाचवी कार्यक्रमात असेल तर मागे बसलेले तीन ट्रॉम्बोनवाले शोधून ठेवा. पहिला भाग संपतो, दुसरा संपतो, तिसरा रंगात येतो. वीस मिनिटं उलटून जातात आणि हे तिघे मांडीवर वाद्य घेऊन स्वस्थ बसलेले. तिसऱ्या भागाच्या शेवटी आवाज जवळजवळ नाहीसा होतो, टिंपनीवर हलके ठोके चालू राहतात, आणि मधे न थांबता सगळं शुद्ध स्वरांत फुटतं. तिघांनी वाद्यं ओठाला लावलेली असतात. इथे टाळी कधी वाजवायची हा प्रश्न बेथोव्हननेच निकालात काढला आहे, कारण दोन भागांत फट ठेवलेली नाही.

मराठीत या अभ्यासाला जमीन चांगली आहे. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते. गोविंदराव टेंब्यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’मध्ये ऐकण्याच्या आठवणी पानोपानी आहेत. पण सिम्फनीला गेलेल्या मराठी माणसाने तिथे काय ऐकलं, काय चुकवलं, कंटाळा कुठे आला, याची नोंद कुठे एकत्र केलेली नाही. जुन्या कार्यक्रमपत्रिका, पत्रं, रोजनिशा, परदेशी गेलेल्यांनी घरी कळवलेली हकिगत, हे सगळं कपाटांत पडून असणार. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहावं. आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी स्वतःची नोंद लिहून ठेवावी. कंटाळा आला तो भाग गाळू नये, अभ्यासकाला तोच जास्त उपयोगी पडतो.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. हातात तिकीट असलेल्यांनी वाद्यांच्या बैठकीवरचं प्रकरण आणि त्या दिवशीच्या रचनेचं टिपण एवढंच वाचून निघावं, बाकीचं आल्यावर. शांततेच्या इतिहासावरचं प्रकरण लांबलं आहे, ते पावसाळ्यासाठी ठेवलं तरी चालेल. कपड्यांची काळजी करू नये, इस्त्रीचा सदरा पुरतो. मध्यंतर धरून मैफल दोन तासांच्या घरात जाते. तेव्हा सातची मैफल ऐकून त्याच रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस गाठायची म्हटलं तर शेवटचा भाग टॅक्सीत जायचा धोका आहे. रात्री ट्रॅव्हल्सने परतावं, किंवा दादर-गिरगावात कोणी नातेवाईक असतील तर त्यांनाही एक तिकीट काढून मुक्काम करावा.